सांतारेमला पाऊस लागला तर जहाजावरून उतरावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ॲमेझॉनवरची क्रूझ, जहाज ब्राझीलमधल्या सांतारेमला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार. सोबत नवरा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. माइका तलावाची साडेतीन तासांची बोटीची सफर जहाजाकडूनच बुक केलेली आहे. मोबाइलवर मात्र त्या आठवड्यातला प्रत्येक दिवस पावसाचा दिसतो, ८०-९० टक्के. मग सफर रद्द करून जहाजावरच बसावं, की टॅक्सी करून आल्तेर दो शाऊंच्या किनाऱ्यावर जावं, कारण ‘गाडीत निदान कोरडे तरी राहू’?

मी अकरा वर्षं जहाजांवर शोअर एक्सकर्शनच्या, म्हणजे बंदरावर उतरून करायच्या सफरींच्या, डेस्कवर काम केलं, त्यातले सहा हंगाम ॲमेझॉनवर. समुद्रावरची मोठी जहाजं या नदीत येतात ती बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, त्यामुळे मी सांतारेम पाहिलं ते जवळजवळ नेहमी पावसाळ्यातच. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं मग. माइकाची सफर रद्द करू नका. टॅक्सीने आल्तेर दो शाऊंला जायचा बेत सोडा, मार्चच्या पावसात तो तिन्हींतला सर्वांत कच्चा पर्याय आहे. आणि सासूबाईंचं काय करायचं ते पाऊस बघून ठरवू नका, पायऱ्या बघून ठरवा.

डेस्कवर पावसाळी सकाळी मला शेकडो लोकांनी हाच प्रश्न विचारला: ‘आज पाऊस पडेल का?’ या प्रश्नाने काहीच ठरत नाही, कारण मार्चमध्ये तिथे पाऊस पडतोच. सांतारेमला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा जानेवारी ते मे या महिन्यांत पडतो. तिथले लोक या दिवसांना हिवाळा म्हणतात, ‘इनव्हेर्नु’. विषुववृत्तापासून अडीच अंशांवरच्या गावात थंडी कुठली असणार? पाऊस म्हणजेच त्यांचा हिवाळा. त्या हिवाळ्यात शाळा चालतात, बाजार भरतो, होड्या सुटतात. तेव्हा विचारायला हवं ते असं: आपण जे करणार आहोत, त्याचं पाऊस नेमकं काय बिघडवतो? उघड्या पाण्यावर असताना वारा आणि वीज गाठू शकते का? पाय कशावर ठेवायचा आहे? आणि परत यायला उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबणार आहे का? एवढं विचारलं की नुसत्या भिजण्याची चिंता बरीच मागे पडते. पंचवीस अंश तापमानात अंगावर पडलेला पाऊस म्हणजे संकट नव्हे.

आता त्या ८०-९० टक्क्यांकडे वळू. तो आकडा काय सांगतो? त्या दिवसात कधीतरी, त्या ठिकाणी, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता. पाऊस किती वेळ पडेल, किती जोराचा असेल, रात्री ३ वाजता पडेल की सकाळी १० वाजता, यातलं काहीही तो सांगत नाही. ॲपवरचं चित्र अनेकदा चोवीस तासांतला सगळ्यात वाईट तास उचलून दाखवतं. दहा दिवस आधी पाहिलेला अंदाज तर त्या महिन्याची सरासरीच वेगळ्या चित्रात दाखवत असतो. ते बघून पैसे भरलेली सफर रद्द करणं म्हणजे हातातला दिवस आपणच घालवणं.

पाऊस येतो कसा, हे कळलं तर जास्त उपयोग होतो. पुस्तकं आणि सहप्रवासी एक ठोकताळा सांगतात की उष्ण कटिबंधात पाऊस दुपारी येतो, म्हणून सकाळी फिरून घ्यावं. बेलेमला, म्हणजे समुद्राजवळ, हे बऱ्याच अंशी खरं आहे. सांतारेमला ते तसंच धरून चालू नका. दुपारी अटलांटिकच्या किनाऱ्यावर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे ढगांची एक लांबच लांब फळी उभी राहते आणि ती नदीच्या अंगाने आत सरकू लागते. तिचा वेग ताशी साधारण पन्नास किलोमीटर असतो. बेलेमपासून सांतारेम सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. हिशोब तुम्हीच करा: दुपारी चारला निघालेली फळी पहाटे सहाच्या सुमारास दारात येते. शिवाय नदी इथे इतकी रुंद आहे की दुपारी पाण्यावरून जमिनीकडे वारा वाहतो आणि ढग काठापासून आत, जंगलावर बांधले जातात. त्यामुळे नदीलगतच्या पट्ट्यात रात्री आणि पहाटे जोरदार पाऊस, आणि दुपार मात्र उघडी, असे दिवस पुष्कळ मिळतात. सकाळी साडेसातला पडद्याआडून बाहेर बघून ज्यांनी दिवस रद्द केला, ते दुपारी बारा वाजता कोरड्या डेकवर उन्हात उभे असलेले मी किती वेळा पाहिले आहेत.

या फळीचीही एक चाल असते आणि ती ओळखता आली तर धीर येतो. आधी वारा. एकदम गार, अंगावर येणारा, दोन-चार मिनिटांत पाण्याचा रंग बदलणारा. त्याच्यामागोमाग वीस ते चाळीस मिनिटं धो धो पाऊस, बरोबर विजा. मग जोर ओसरतो आणि एक-दोन तास, कधी त्याहूनही जास्त, एकसारखी बारीक रिपरिप चालते. घाबरायचं असेल तर पहिल्या भागाला घाबरा. दुसऱ्या भागात खुशाल बाहेर पडा. प्रवासी मात्र नेमकं उलटं करतात. वारा सुटलेला असतो, पाऊस अजून आलेला नसतो, तेव्हा म्हणतात, ‘चला, कोरडं आहे तोवर जाऊन येऊ.’ आणि रिपरिप सुरू झाली की आत बसून राहतात.

वाऱ्याबद्दल मी इतकं का सांगतोय, याचा पुरावा सांतारेमच्या चर्चमध्येच आहे. नोसा सेन्योरा दा कॉन्सेसाऊं हे तिथलं मुख्य कॅथेड्रल. तिथे लोखंडाचा एक ओतीव क्रूस आहे. तो १८४६ मध्ये बव्हेरियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस यांनी दिला. १८ सप्टेंबर १८१९ रोजी सांतारेमजवळ ॲमेझॉनच्या लाटांमधून आपण वाचलो, याची कृतज्ञता म्हणून. तारीख बघा: सप्टेंबर. हा तिथला कोरडा काळ. त्यांच्या जिवावर आल्या त्या लाटा. नदीवर उठणाऱ्या या उसळीला तिथले नावाडी ‘बांझेरु’ म्हणतात. आकाश काळं झालं म्हणून थांबणारा नावाडी मी फारसा पाहिला नाही, पण बांझेरु दिसला की तो बोट काठाच्या झाडीत घुसवतो आणि शांतपणे वाट बघतो. तुमचा नावाडी असं करू लागला तर ‘वेळ वाया जातोय’ म्हणून त्याच्यामागे लागू नका. विजेचंही तसंच. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास उघड्या पाण्यावर जायचं नाही, हा नियम मी कुणाच्याही आग्रहासाठी मोडला नाही.

आता माइकाकडे येऊ, कारण तुमचा खरा फायदा तिथेच आहे.

माइका हा शहराच्या पूर्वेला, ॲमेझॉनच्या पुराच्या मैदानातला तलावांचा आणि कालव्यांचा पट्टा. अशा पूरमैदानाला तिथे ‘वार्झेया’ म्हणतात. सांतारेमला नदी वर्षभरात पाच-सहा मीटर वरखाली होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळाला जाते, डिसेंबरपासून चढू लागते आणि मे-जूनमध्ये सगळ्यात वर असते. मार्चमध्ये पाणी बरंच चढलेलं आणि अजून चढत असतं. याचा अर्थ असा की कोरड्या महिन्यांत जिथे चिखलाचा काठ आणि त्याच्यावर उंच कडा दिसते, तिथे तुमची बोट झाडांच्या फांद्यांच्या पातळीवरून जाते. खोडं पाण्याखाली. डोळ्यांसमोर येतो तो झाडाचा शेंडा. घरं खांबांवर. पाणी फारच चढलं की गुरांसाठी लाकडी माच बांधतात आणि चारा होडीने आणून घालतात. तांबाकीसारखे मासे बुडालेल्या झाडांची फळं-बिया खात जंगलात फिरत असतात. हे सगळं दिसतं ते पावसामुळे. कोरड्या हंगामात आलेल्या माणसाला वाळूचे किनारे मिळतात, पण ही बुडालेली झाडी मिळत नाही. तुम्ही ज्या महिन्यात जाताय त्या महिन्याचं हेच वैभव आहे, आणि ते सोडून जहाजावर बसू नका, असं मी मनापासून सांगतो.

बोटीबद्दलही सांगतो, कारण ‘बोटीची सफर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उघडी होडी येते. जहाजातर्फे माइकाला नेणाऱ्या बोटी साधारणपणे तिथल्या लाकडी नदीबोटी असतात, छत असलेल्या, बहुधा दोन मजली. बाजूला गुंडाळलेली ताडपत्री असते. पाऊस आला की ती खाली सोडतात. म्हणजे भिजायचं असेल तर चढता-उतरता भिजाल, बाकी वेळ नाही. तरी एक गोष्ट सफरीच्या डेस्कवर विचारून घ्या: पूर्ण वेळ याच बोटीत असतो, की मध्ये छोट्या होडीत बदली आहे? बदली असेल तर तिच्यावर छत नसेल, आणि सासूबाईंना ओल्या कडेवरून पाय टाकून उतरावं लागेल. शौचालय आहे का, हेही विचारा. साडेतीन तासांच्या सफरीत वयस्कर माणसाला याचीच धास्ती जास्त असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

प्राणी दिसतील का? पावसात स्लॉथ, म्हणजे झाडावर राहणारा तो संथ प्राणी, अंगाचं गाठोडं करून बसतो आणि शेवाळलेल्या खोडासारखा दिसतो, म्हणून जोराच्या सरीत तो शोधणं कठीण. पण सर ओसरली की तो अंग वाळवायला उघड्या फांदीवर येतो. इंबाऊबा नावाच्या झाडांवर लक्ष ठेवा, त्यांचा पर्णभार विरळ असतो. डॉल्फिनना पावसाचं काही नसतं, गुलाबी बोटू आणि छोटे करडे तुकुशी दोन्ही तिथे आहेत. पाणी शांत असलं तर रिपरिपीतही त्यांची पाठ दिसते. वाऱ्याने पाणी खळबळलं असेल तर लख्ख उन्हातही दिसत नाही. सफरीत पिरान्हा मासेमारी असेल तर एवढं लक्षात ठेवा की चढत्या पाण्यात मासे जंगलभर पांगलेले असतात आणि गळाला कमी लागतात. मुलांना आधी सांगून ठेवलं तर हिरमुसत नाहीत.

आणि एक अनुभव जो कोरड्या दिवशी मिळतच नाही. बोटीचं इंजिन बंद करून झाडीत थांबलं की सर दिसायच्या आधी ऐकू येते. आधी लांबून एक सलग घोंगावणं. मग ते पानांवरून तुमच्याकडे चालत येतं, जवळ येत येत अगदी डोक्यावर येतं, आणि तरी अंगावर थेंब नाही, कारण वरची पानं ते झेलत असतात. काही क्षणांनी पहिले थेंब खाली पोहोचतात. एका वर्षी माझ्याबरोबर सतरा प्रवासी होते. अडतीस जणांनी बुकिंग केलं होतं, बाकीचे सकाळचा पाऊस बघून आलेच नाहीत. त्या सतरा जणांपैकी कुणीही वीस मिनिटं एक शब्द बोललं नाही. परतल्यावर एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, हा आवाज पुन्हा कुठे ऐकायला मिळेल?

जाताना बोट दोन नद्यांच्या संगमाच्या रेषेजवळून जाते. तापाझोस जुन्या खडकाळ पठारावरून येते, तिच्यात गाळ फार थोडा, म्हणून पाणी स्वच्छ, निळसर-हिरवं. ॲमेझॉन अँडीज पर्वताचा गाळ घेऊन येते, म्हणून ती दुधाळ तपकिरी. दोन्ही पाणी कितीतरी अंतर एकमेकांशेजारून वाहतं, मिसळत नाही. ढगाळ दिवशी तापाझोसचा निळा रंग करडा होतो आणि फोटोत फरक कमी उठतो, हे खरं. पण रेषा पुसली जात नाही. डोळ्यांनी ती नीट दिसते.

आता आल्तेर दो शाऊं. गाव सुंदर आहे, सांतारेमपासून पस्तीसेक किलोमीटर, रस्ता डांबरी. पण लोक तिथे जातात ते तापाझोसच्या पांढऱ्या वाळूसाठी, आणि ती वाळू कोरड्या महिन्यांत, साधारण ऑगस्ट ते डिसेंबरात, उघडी पडते. मार्चमध्ये पाणी चढत असतं, वाळूचा बराच भाग बुडालेला असतो. पावसात तिथे टॅक्सीने जाऊन तुम्ही काय कराल? हस्तकलेची दुकानं, एखादं जेवण, आणि निमुळत्या उरलेल्या किनाऱ्याकडे छत्रीखालून बघणं. पुढे होडीने जायचा मोह झाला तर तापाझोस इथे समुद्रासारखी पसरलेली आहे, काही ठिकाणी पंधरा किलोमीटरहून रुंद. वारा सुटला की छोट्या होडीला लपायला झाडी नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतः केलेल्या टॅक्सीतून उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सफरीला उशीर झाला तर थांबतं. पावसाळी दिवशी या फरकाची किंमत दुप्पट होते. गाडीत कोरडं राहाल हे कबूल, पण गाडी जिथे नेते तिथे बघण्यासारखं उरलेलं थोडंच असेल.

हेच तुम्ही ऑक्टोबरमध्ये विचारलं असतं तर मी आल्तेर दो शाऊंच सांगितलं असतं, आणि माइका दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं. ऋतू बदलला की सल्लाही बदलतो.

ज्या सफरीबद्दल मी पावसात खरंच दोनदा विचार करायला लावतो, ती तुम्ही घेतलेली नाही, पण जहाजावर कुणीतरी सुचवेल म्हणून सांगतो: तापाझोस राष्ट्रीय वनातली जंगलातली पायवाट. लांबचा प्रवास, पिवळी चिकट माती, आणि ओली झाली की ती साबणासारखी होते. धडधाकट माणसाला, चांगल्या बुटांत, उत्तम. ७१ वर्षांच्या गुडघ्यांना नाही.

सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर. माझ्या सगळ्या हंगामांत पावसामुळे आजारी पडलेलं माणूस मी क्वचित पाहिलं, पण धक्क्याच्या ओल्या लाकडी फळीवर घसरून पडलेली माणसं दर हंगामात पाहिली. एका धक्क्यावर एका बाईंचा पाय बोटीतून उतरताना घसरला आणि मनगट मोडलं. पाऊस थांबून वीस मिनिटं झाली होती, ऊन पडलं होतं, सगळे निर्धास्त होते. फळ्यांवरचं शेवाळ मात्र तसंच ओलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक उतारूला एकच वाक्य म्हणायचो: पाऊस गेला तरी फळी ओलीच आहे. चपला किंवा मागे पट्टा नसलेल्या सँडल नकोत. मागे पट्टा असलेली, खाचांचा रबरी तळ असलेली सँडल सगळ्यात चांगली, कारण ती भिजून लगेच वाळते. बंद बूट भिजले की दिवसभर जड. उतरताना एक हात कठड्याला आणि दुसरा माणसाच्या हातात, म्हणजे सासूबाईंच्या हातात पिशवी, छत्री, फोन काही नको. साडी नेसणार असतील तर त्या दिवशी पायघोळ नको. सलवार किंवा सैल पँट बरी, कारण ओला काठ पायात येतो.

दुसरा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. बंदरावरच्या बसचा एसी. बाहेर भिजून माणूस आत येतं आणि वीस मिनिटं गार वाऱ्याखाली बसतं. पावसात न कुडकुडलेली आजी बसमध्ये कुडकुडते. पिशवीत एक कोरडा सुती सदरा, एक पातळ शाल आणि छोटा टॉवेल, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बसमध्ये चढण्याआधी शाल, नंतर नव्हे.

छत्री बोटीत निरुपयोगी आहे. वाऱ्यात उलटते, शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते आणि एक हात अडकवून ठेवते. पातळ रेनकोट घ्या, पुढून बटणं किंवा चेन असलेला. लाइफजॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं, आतून नाही. पोंचो जॅकेटच्या वरून घातला तर पाण्यात पडल्यावर तोच अंगाला गुंडाळला जातो. जीन्स नको, भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. ढग असले तरी सनस्क्रीन लावा, विषुववृत्तावरचं ऊन ढगांतून पोळतं. डासांचं मलम त्याच्यावरून लावा. पाणी प्या. ढगाळ हवेत घाम जाणवत नाही, पण जातो. आणि कॅमेरा केबिनच्या गारव्यातून थेट बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं. तो प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग पिशवी उघडा.

त्या सकाळी मी काय केलं असतं, ते सांगतो. पावणेसहाला उघड्या डेकवर जाऊन पूर्वेकडे बघायचं, कारण ढगांची ती फळी पूर्वेकडून येते. पूर्वेला पाटीसारखा काळा, खालून सरळ कापल्यासारखा ढग आणि गार वारा असेल तर पुढचा तास-दीड तास गडबडीचा आहे, पण सफर सुटेपर्यंत तो बहुधा निघून गेलेला असेल. सगळं आकाश एकसारखं करडं असेल, वारा नसेल, बारीक पाऊस असेल, तर फळीचा जोर होऊन गेला आहे. निश्चिंत जा. जहाजावर इंटरनेट घेतलं असेल तर ॲपमधला ढगाचा शिक्का बघण्याऐवजी गोज-ईस्ट या हवामान उपग्रहाची चित्रं बघा. ती दर दहा मिनिटांनी बदलतात आणि ढगांची फळी कुठपर्यंत आली आहे ते सरळ डोळ्यांनी दिसतं. वीज-वाऱ्यामुळे सफर धोक्याची झाली तर ऑपरेटर आणि जहाज स्वतःच ती पुढे ढकलतात किंवा रद्द करतात, आणि जहाजाने रद्द केली तर पैसे परत मिळतात. तुम्ही आदल्या रात्री स्वतःहून रद्द केलीत तर मिळतीलच असं नाही, ते तिकिटावरच्या मुदतीवर आहे. म्हणजे पैशांच्या दृष्टीनेही रद्द करण्याचं काम त्यांच्यावर सोपवणंच शहाणपणाचं.

काही गोष्टी मला इथून सांगता येत नाहीत. तुमचं जहाज धक्क्याला लागणार की जागा नसली तर नदीत नांगर टाकून टेंडरने, म्हणजे काठावर नेणाऱ्या छोट्या बोटीने, नेणार, हे आदल्या दिवशीच नक्की होतं. टेंडर असेल तर सासूबाईंसाठी एक चढ-उतार वाढते. सफर सकाळची की दुपारची, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. निवड असेल तर मी साडेनऊ-दहाच्या सुमाराची घेतली असती, पहाटेच्या सरीला ओसरायला वेळ मिळतो.

सासूबाईंना बोट जमणार नसेल तर त्यांना जहाजावर एकटं ठेवण्यापेक्षा एक मधला मार्ग आहे. तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर शहरात जायचं, जहाजाची शटल बस असते तिने. जोआऊं फोना सांस्कृतिक केंद्र ही नदीकाठची एकोणिसाव्या शतकातली इमारत, आत तापाझोस खोऱ्यातल्या जुन्या लोकांची मातीची भांडी आहेत. प्राणी-पक्ष्यांच्या इवल्या आकृत्यांनी मढवलेली, इतकी नाजूक की काचेजवळून हलवत नाही. सांतारेमच्या परिसरातच, तापेरिन्या इथे, सात हजार वर्षांहून जुनी खापरं सापडली आहेत, अमेरिका खंडांतली सर्वांत जुन्यांपैकी. तिथून जवळ कॅथेड्रल आणि मार्टियसचा तो क्रूस. मग काठावरचा मासळीबाजार, जिथे टाकलेल्या माशांच्या तुकड्यांसाठी बोटू डॉल्फिन येतात. म्हणजे सासूबाईंना बोटीत न बसताही डॉल्फिन दिसू शकतात. सगळं मिळून दोन-अडीच तास, पाऊस आला तर बहुतेक वेळ छपराखाली. संग्रहालयाची त्या दिवसाची वेळ शटलमध्ये बसण्याआधीच विचारा, आणि सुट्टे रेआल (तिथलं चलन) जवळ ठेवा, छोट्या दुकानांत मोठी नोट मोडून मिळत नाही. घड्याळ मात्र जहाजाचंच पाळा. सांतारेम आणि मानाउस यांच्यात एका तासाचा फरक आहे, आणि जहाज तो कोणत्या रात्री धरेल हे कॅप्टन ठरवतो. फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि माणूस धक्क्यावर एक तास चुकतो.

डेस्कवर एवढे तीन प्रश्न विचारून कळवा: बोटीत चढायला किती पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का, मध्ये छोट्या होडीत बदली आहे का, आणि जहाज धक्क्याला आहे की टेंडरवर. आणि सासूबाई घरी जिना आधाराशिवाय चढतात का, तेही लिहा. मग त्यांनी बोटीत बसावं की शटलमध्ये, हे मी नेमकं सांगू शकेन.